टरफलं कोणी टाकली?

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला मध्यरात्री उठवून विचारलं तरी शेंगांची गोष्ट तो सांगेल. वर्गात टरफलं पडलेली असतात. मास्तर येतात, चिडतात, कोणी खाल्ल्या म्हणून विचारतात. कोणी बोलत नाही. मग शिक्षा सगळ्या वर्गालाच होते आणि एक मुलगा उभा राहून सांगतो, की मी शेंगा खाल्लेल्या नाहीत, तेव्हा टरफलंही मी उचलणार नाही. दर वर्षी १ ऑगस्टला, टिळकांच्या पुण्यतिथीला, कुठल्या ना कुठल्या शाळेत पगडी घातलेलं आणि काजळाच्या मिशा काढलेलं सहा वर्षांचं पोर हे वाक्य घसा ताणून म्हणतं आणि टाळ्या घेतं. शेंगांच्या वेळी टिळकांना मिशी फुटलेली नव्हती, हे कोणी मनावर घेत नाही.

गोष्ट चांगलीच आहे. न केलेल्या चुकीची शिक्षा मुकाट्याने सोसू नये, हे मुलांना कळायलाच हवं. पण शेंगा कोणीतरी खाल्ल्या होत्या. ती दोन-चार पोरं त्याच वर्गात, खिशात उरलेल्या शेंगा दाबून, मान खाली घालून बसलेली होती. त्यांच्यातल्या एखाद्याला ‘मी खाल्ल्या’ असं म्हणावंसं वाटलं असेल का? घशापर्यंत आलेलं ते वाक्य कशाने अडलं असेल? त्यांची गोष्ट आपल्याकडे कोणी सांगत नाही. हे प्रकरण त्या पोरांबद्दल आहे.

वाक्य अडतं कुठे हे शोधायला लांब जायला नको, घरातली बोली ऐकली तरी पुरे. पाच वर्षांच्या मुलीच्या हातून लोणच्याची बरणी निसटते. आतून हाक येते, “काय झालं गं?” उत्तर येतं, “बरणी फुटली.” व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य बिनचूक आहे, आणि बरणीही खरोखरच फुटली आहे. मराठीने ही सोय क्रियापदांच्या जोड्यांतच करून ठेवली आहे. फुटणे-फोडणे, फाटणे-फाडणे, तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे. जोडीतल्या पहिल्या क्रियापदात वस्तू आपल्या मर्जीने वागते, दुसऱ्यात माणूस सापडतो. सांडणे आणि हरवणे ही तर दोन्ही घरचे पाहुणे. पेन्सिली रोज हरवतात, जणू दप्तरातून त्या स्वतःच चालत बाहेर पडतात.

कुठली बाजू कधी वापरायची, हे मूल कोणी न शिकवता शिकतं. “दादाने माझी वही फाडली” आणि “दादाची वही फाटली” ही दोन वाक्यं एकच मुलगी एकाच संध्याकाळी म्हणू शकते. ती हे ऐकते कुठून? भाजी करपते, गाडी घासली जाते, वीजबिलाची तारीख डोक्यातून निघून जाते. मोठ्यांच्या घरात माणसं फारसं काही करत नाहीत, सगळं आपोआप होतं.

केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडिट्स्की या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली अशा वाक्यांचा परिणाम मोजला. हॉटेलात जेवताना मेणबत्ती कलंडून आग लागल्याची एक हकिगत त्यांनी दोन प्रकारे लिहिली. एकीत बाईंनी मेणबत्ती पाडली होती, दुसरीत मेणबत्ती पडली होती. बाकी सगळं तेच. पहिली हकिगत वाचणाऱ्यांनी बाईंना जास्त दोष दिला आणि भरपाईही जास्त मागितली. पुढच्या वर्षी त्यांनी इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांची तुलना केली. फुलदाणी चुकून पडली तरी इंग्रजीत सहसा ‘तिने फोडली’ म्हणतात, स्पॅनिशमध्ये ‘फुटली’ म्हणायची रीत आहे. अशा अपघाती प्रसंगांत नेमकं कोणाकडून झालं, हे इंग्रजी बोलणाऱ्यांना जास्त चांगलं आठवत होतं.

मराठीत मात्र या दोन्हींच्या मधोमध तिसरं वाक्यही आहे: “माझ्या हातून फुटली.” यात हात कोणाचा ते मान्य आहे आणि फोडायचा इरादा नव्हता तेही आलं. आजीच्या पिढीत ते सर्रास ऐकू येई, आता थोडं मागे पडलंय. लहान मुलाला द्यावं असं हे वाक्य आहे, कारण ते खरं आहे आणि म्हणायला सोपं आहे. “का फोडलीस?” असं दरडावून विचारलं, की मुलीजवळ “मी नाही फोडली, फुटली” एवढंच उत्तर उरतं, आणि ते उत्तर पूर्ण खोटं नसतं. “कशी गं फुटली तुझ्या हातून?” असं विचारलं तर ती सांगायला लागते, की स्टूल हलत होतं, एका हातात बिस्किट होतं, बरणी तेलकट होती. चुकीचा पंचनामा मुलं फार सुरेख करतात. फक्त विचारणारा पोलीस वाटायला नको.

भाषेच्याही आधीचा एक धडा उंबऱ्यावर मिळतो. रांगतं मूल उंबऱ्याला अडखळून पडतं. घरातलं कोणीतरी धावत येतं आणि उंबऱ्याला चापट मारतं, “हात् रे! आमच्या सोनूला पाडतोस?” मूल रडं थांबवतं आणि स्वतःही उंबऱ्याला एक ठेवून देतं. दुसरी युक्ती याहून बरी: “अरे, मुंगी मेली बघ!” मूल मुंगी शोधायच्या नादात रडणं विसरतं, आणि उंबऱ्यावर खटलाही भरला जात नाही. उंबऱ्याला चापट मारल्याने पोरं बिघडतात असं म्हणणं म्हणजे मुंगीचा हत्ती करणं झालं. पण दोष नेहमी बाहेर कुठेतरी असतो, हे मुलाने ऐकलेलं पहिलं भाष्य तेच असतं.

चूक आपली आहे हे मुलाला कळायला किती वय लागतं? समज असा, की शाळेत जायच्या वयापर्यंत त्याला काही कळत नाही. तो खरा नाही. कॅरन बॅरेट, कॅरोलिन झान-वॅक्सलर आणि पामेला कोल यांचा १९९३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग यासाठी पाहण्यासारखा आहे. दोन वर्षांच्या आसपासच्या मुलाच्या हातात एक बाहुली दिली जाई. ही माझी लाडकी बाहुली आहे, असं ताई सांगून जात. मूल खेळायला लागलं की बाहुलीचा पाय निखळून हातात येई, कारण तो मुद्दामच तसा बसवलेला होता. ताई परत आल्यावर मुलं दोन तऱ्हांनी वागली. काही जण नजर चुकवून लांब सरकली. काही जण तुटलेला पाय घेऊन थेट ताईंकडे आली, तो जोडायची खटपट करू लागली. संशोधकांनी पहिल्यांना टाळणारे म्हटलं, दुसऱ्यांना सावरणारे. दोघांनाही काहीतरी बिघडलंय हे कळलेलं होतंच. फरक होता तो त्या कळण्याचं पुढे काय करायचं यात. आयोवा विद्यापीठातल्या ग्राझिना कोहान्स्का यांनी अशाच बनावट अपघातांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या प्रयोगांत शेवटी वस्तू पुन्हा धड करून आणत आणि हे तुझ्यामुळे झालेलं नव्हतं असं मुलाला सांगत. प्रयोगासाठी का होईना, पोराच्या जिवाला लावलेला घोर तसाच ठेवून त्याला घरी पाठवायचं नाही, एवढी माणुसकी त्यात होती.

मुलांना कळतं, पण ते मोठ्यांसारखं नाही. १९३२ साली ज्याँ पियाजे यांनी मुलांच्या नीतिविचारावरच्या पुस्तकात कपांची गोष्ट मांडली. एक मुलगा जेवायला बोलावलं म्हणून दार ढकलतो. दारामागे कपांचा ट्रे असतो, आणि पंधरा कप फुटतात. दुसरा आई घरात नसताना फळीवरचा जॅम चोरायला चढतो आणि एक कप फोडतो. जास्त वाईट कोण? सहा-सात वर्षांपर्यंतची बरीच मुलं म्हणत, पंधरावाला. मोठी मुलं म्हणत, जॅमवाला. पुढच्या संशोधकांनी पियाजेंना दुरुस्त केलं. हेतू ठळकपणे सांगितला तर याहून लहान मुलंही तो ध्यानात घेतात. तरीही गोष्टीतलं मर्म टिकून आहे. लहान मूल नुकसानीचा आकार आधी बघतं.

आणि मोठी माणसं? मोबाईलची काच तडकली तर घर डोक्यावर घेतलं जातं. तितक्याच निष्काळजीपणाने स्टीलची वाटी आपटली तर “हळू रे” एवढ्यावर भागतं. चूक दोन्हीकडे सारखीच, राग मात्र दुकानातल्या किमतीप्रमाणे. या बाबतीत पालक पियाजेंच्या सहा वर्षांच्या मुलाच्या फार पुढे गेलेले नसतात, आणि मूल त्यांच्याकडून हेच शिकतं, की महाग वस्तूचा अपघात लपवायचा असतो.

वयाचा हा हिशेब कायद्यानेही मांडला आहे. सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही, आणि सात ते बारा या वयात मुलाला आपल्या कृत्याचे परिणाम समजण्याइतकी परिपक्वता नसेल तर तेही गुन्ह्यातून सुटतं. भारतीय दंड संहितेतली ८२ आणि ८३ ही कलमं आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहितेत २० आणि २१ या क्रमांकांनी आली आहेत. महाभारतात मात्र हा प्रश्न याहून थेट विचारला गेला. आदिपर्वातल्या मांडव्य ऋषींना चोरांचे साथीदार समजून राजाने सुळावर चढवलं. पुढे त्यांनी धर्मदेवाला जाब विचारला, की माझ्या कोणत्या पापाचं हे फळ? उत्तर मिळालं, लहानपणी तुम्ही किड्यांना गवताची काडी टोचत होता. ऋषी संतापले. अजाण वयातल्या खोडीला सूळ? त्यांनी तिथल्या तिथे नियम घालून दिला, की चौदा वर्षांपर्यंत केलेलं पाप धरलं जाणार नाही, आणि धर्मदेवाला शाप दिला. तो पुढे विदुर होऊन जन्मला. शिक्षा करणाऱ्यालाच चुकीची जबाबदारी घ्यायला लावणारी ही गोष्ट. शाळेच्या स्नेहसंमेलनात हिचा प्रवेश का होत नाही, हे सांगायला नको.

आता खोटं बोलण्याकडे वळू. मॅकगिल विद्यापीठातल्या व्हिक्टोरिया टालवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली चार ते आठ वर्षांच्या ३७२ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलाला खोलीत बसवायचं, त्याच्या पाठीमागच्या टेबलावर खेळणं ठेवायचं, मागे वळून बघू नकोस असं सांगायचं आणि एक मिनिट बाहेर जायचं. छुपा कॅमेरा चालू. सुमारे दोन तृतीयांश मुलांनी वळून पाहिलं. ज्यांनी पाहिलं त्यांच्यापैकीही सुमारे दोन तृतीयांश जणांनी पाहिलं नाही असं ठोकून दिलं. वय वाढलं तसं वळून बघणारे कमी झाले, पण जे बघत त्यांच्यात खोटं बोलणारे वाढले, आणि त्यांचं खोटं जास्त सफाईदारही झालं. मूल खोटं बोललं की आईबापांना वाटतं, पोर हातचं गेलं. खरं तर दुसऱ्याच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधता आल्याशिवाय खोटं बोलता येत नाही, तेव्हा ते डोकं चालू लागल्याचीही खूण असते.

खरी गंमत पुढे आहे. काही मुलांना आधी सांगितलं होतं, की बघितलं असशील तर शिक्षा होईल. काहींना सांगितलं, खरं बोललास तर मला आनंद होईल. काहींना सांगितलं, खरं बोलणं हीच योग्य गोष्ट आहे. शिक्षेची भीती घातली तिथे खरं बोलणं कमी झालं. खरेपणाचं आवाहन कामी आलं ते शिक्षेची टांगती तलवार नव्हती तेव्हा.

टालवार आणि कँग ली यांनी २०११ साली पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांची तुलना केली होती. एका शाळेत छडी, चापट, चिमटे रोजचे, दुसरीत रागावणं किंवा बाजूला बसवणं एवढंच. तीन-चार वर्षांची मुलं, खेळ तोच. दोन्ही शाळांत मुलांनी वळून पाहिलं. छडीच्या शाळेत पाहिलेल्यांपैकी जवळजवळ सगळीच खोटं बोलली, आणि पुढच्या आडव्यातिडव्या प्रश्नांनाही पुरून उरली. दुसऱ्या शाळेतली मुलं कमी खोटं बोलली आणि बोलली तेव्हा लवकर पकडली गेली. छडीने खोटं थांबत नव्हतं. त्याचा सराव होत होता.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली. अंगठे धरणं, कोंबडा होणं, उठाबशा या गोष्टी नियमाने इतिहासजमा झाल्या. पण घराला हे कलम लागू नाही, आणि तिथे एक जुनं हत्यार अजून धारदार आहे: “खरं सांग, मी काही नाही करणार.” मूल विश्वास ठेवतं, सांगतं, आणि पुढच्या क्षणी पाठीत धपाटा बसतो. किंवा धपाटा नसतो, “थांब, बाबांना येऊ दे” असतं, म्हणजे शिक्षा संध्याकाळपर्यंत गॅसवर मंद आचेवर ठेवलेली. कबुलीची शिक्षा एकदा मिळाली की मूल हिशेब पक्का करून ठेवतं. काही करणार नाही असं म्हटलं तर काही करू नये. ते जमणार नसेल तर ते वचनच देऊ नये.

कौतुकाचाही यात एक अनपेक्षित हात असतो. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ च्या अभ्यासात दहा-अकरा वर्षांच्या मुलांना कोडी सोडवल्यावर काहींना ‘हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘मेहनत घेतलीस’ म्हटलं. पुढची कोडी अवघड दिली, सगळ्यांचेच गुण घसरले. मग दुसऱ्या शाळेतल्या मुलांना आपले गुण लिहून कळवायला सांगितलं. मेहनतीचं कौतुक झालेल्यांपैकी १३ टक्क्यांनी गुण वाढवून लिहिले, हुशार ठरवलेल्यांपैकी ३८ टक्क्यांनी. ‘आमचा बंड्या कधी चुकतच नाही’ असं पाहुण्यांसमोर ऐकणाऱ्या बंड्याला चूक कबूल करणं किती महागात पडत असेल, याची यावरून कल्पना करता येते.

गोष्टी सांगून उपयोग होतो का? टालवार आणि ली यांच्याच गटाने २०१४ साली तीन ते सात वर्षांच्या २६८ मुलांवर हे तपासलं. काहींना नाक लांब होणाऱ्या पिनोकिओची गोष्ट सांगितली, काहींना ‘लांडगा आला रे आला’, काहींना चेरीचं झाड तोडून वडिलांपुढे कबुली देणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टनची. नाक लांब झालं, लांडग्याने मेंढ्या खाल्ल्या, मुलांवर परिणाम शून्य. वॉशिंग्टनची गोष्ट ऐकलेली मुलं मात्र जास्त खरं बोलली, कारण तिच्यात कबुलीनंतर वडील खूष होतात. गोष्टीचा शेवट उलटा केला तेव्हा तिचाही परिणाम गेला.

यातला विनोद असा, की चेरीच्या झाडाची गोष्टच खोटी. मेसन लॉक वीम्स नावाच्या धर्मोपदेशक-पुस्तकविक्रेत्याने वॉशिंग्टनच्या मृत्यूनंतर लगेच, १८०० साली, त्यांचं चरित्र काढलं, आणि १८०६ च्या आवृत्तीत कुऱ्हाडीचा तो प्रसंग घातला. त्याला आधार काही सापडलेला नाही. दोनशे वर्षं अमेरिकेतली मुलं थापेच्या आधारावर सत्य शिकत आली.

अशीच एक कबुली आपल्या जवळची आहे, आणि ती स्वतः लिहून ठेवलेली आहे. मोहनदास गांधी सुमारे पंधरा वर्षांचे असताना भावावर पंचवीसेक रुपयांचं कर्ज झालं होतं. ते फेडायला त्यांनी भावाच्या सोन्याच्या कड्यातला तुकडा काढला. कर्ज फिटलं, पण मनाची टोचणी थांबेना. तोंडाने सांगायचा धीर नव्हता, म्हणून चिठ्ठी लिहिली. तीत कबुली होती, शिक्षेची मागणी होती, पुन्हा चोरी न करण्याची प्रतिज्ञा होती आणि वडिलांनी स्वतःला त्रास करून घेऊ नये अशी विनंतीही होती. वडील भगंदराने आजारी, लाकडी फळीवर पडून असत. ते उठून बसले, चिठ्ठी वाचली, डोळ्यांतून पाणी आलं, कागद भिजला. क्षणभर डोळे मिटून विचार केला आणि चिठ्ठी फाडून टाकली. मग पुन्हा पडून राहिले. मुलाला वाटलं होतं, ते चिडतील, कपाळ बडवून घेतील. पंधरा वर्षं म्हणजे काही लहान मूल नव्हे. पण तोंडाने जमत नसेल तर कागदावर लिहून द्यायची ही वाट आठ वर्षांच्या मुलालाही चालण्यासारखी आहे.

मग ‘सॉरी’चं काय? आजकाल मराठी घरांत चुकीवरचा एकमेव इलाज तो आहे. “सॉरी बोल आधी!” पोर भिंतीकडे बघत, एका श्वासात, ‘सॉssरी’ म्हणतं. तोवर पडलेला पाट, रडणारी बहीण, विस्कटलेला पत्त्यांचा बंगला सगळं जिथल्या तिथे. जुन्या काळी नाक घासायला लावत किंवा कान धरून ‘पुन्हा नाही करणार’ म्हणायला लावत. ‘सॉरी’ त्याचीच सुटसुटीत आवृत्ती. मिशिगन विद्यापीठातल्या क्रेग स्मिथ यांच्या २०१८ च्या अभ्यासात चार ते नऊ वर्षांच्या मुलांनी हे बरोबर ओळखलं. आपणहून मागितलेली माफी आणि मोठ्यांनी वदवलेली माफी यांतला फरक, विशेषतः मोठ्या मुलांना, स्पष्ट दिसत होता.

व्हर्जिनिया विद्यापीठात मारिसा ड्रेल आणि विक्रम जस्वाल यांनी सहा-सात वर्षांच्या मुलांना प्लास्टिकच्या पेल्यांचा मनोरा रचायला दिला. तो जवळपास पुरा होत आला की शेजारी बसलेल्या मोठ्या व्यक्तीचा धक्का लागून कोसळायचा. कधी ती व्यक्ती माफी मागे, कधी मागत नसे, कधी मनोरा पुन्हा रचायला हात लावे. नुसती माफी ऐकलेल्या मुलांना माफी न ऐकलेल्यांइतकंच वाईट वाटत राहिलं. फक्त त्या व्यक्तीला पुढे काही वाटून देताना ती जास्त उदार झाली. बरं वाटलं ते ज्यांचा मनोरा पुन्हा उभा राहायला मदत झाली त्यांना.

म्हणजे ‘सॉरी’ अगदी वाया जात नाही, नातं थोडं सांधतं. पण पेले उचलावेच लागतात. आणि टरफलंही.

इथेच शिक्षा आणि परिणाम यांतली रेघ ओढता येते, पण ती ओढणंही सोपं नाही. रूसोने १७६२ च्या ‘एमिल’मध्ये सांगितलं होतं, की मुलाने खोलीची काच फोडली तर ती बदलू नका, रात्रंदिवस वारा लागू दे, सर्दी झाली तरी चालेल. हा उपाय युरोपातल्या थंडीसाठी होता. आपल्याकडे मे महिन्यात फुटलेली काच म्हणजे बक्षीसच. शिवाय रूसोने आपली पाचही मुलं अनाथालयात ठेवली होती, तेव्हा वारा लागू देण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे खाऊच्या पैशांतून दंड कापणं. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांत यूरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी यांनी दंडाचा प्रयोग केला. दंड मुलांना नव्हता, मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना होता. दंड लागल्यावर उशीर कमी व्हायच्या ऐवजी जवळजवळ दुप्पट झाला. आधी उशीर झाला की शरम वाटे. आता पैसे मोजले की झालं. नंतर दंड काढून घेतला तरी उशीर काही कमी झाला नाही. दहा रुपये कापून घेतलेलं मूलही असंच म्हणू शकतं: झाले ना पैसे, आता कशाला बोलता?

मारिया माँटेसरींची वाट निराळी होती. ६ जानेवारी १९०७ ला रोमच्या सॅन लोरेन्झो वस्तीत त्यांचं पहिलं बालगृह सुरू झालं. त्यांच्या साधनांतला लाकडी ठोकळा घ्या. त्यात दहा दट्टे, दहा भोकं. एक दट्ट्या चुकीच्या भोकात गेला की शेवटी एक उरतो आणि तो कुठेच बसत नाही. ताईंना ‘चुकलास’ म्हणावं लागत नाही, ठोकळाच सांगतो. मूल पुन्हा सगळं काढतं आणि पहिल्यापासून लावतं. बालगृहात बशा चिनीमातीच्या आणि पेले काचेचे असत, आणि ते मुद्दाम. प्लास्टिकचा पेला पडला तर काहीच होत नाही, त्यामुळे काही कळतही नाही. आणि काचेचा पेला फुटल्यावर लागणारा छोटा झाडू, छोटी सुपली मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर टांगलेली असे.

ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत हे काम शिकल्या. १९४५ साली त्यांनी ते बोर्डीला नेलं, १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत. अनुताई वाघ सोबत होत्या. परदेशी साधनांची चैन तिथे परवडणारी नव्हती. शंख-शिंपले, दगड, बिया, पानं हीच साधनं झाली, आणि मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी झाला आहे, त्याचं मूळ त्या अंगणांत आहे. शेणाने सारवलेल्या अंगणात पाणी सांडलं तर काय होतं, हे पाड्यावरच्या मुलाला कोणी शिकवावं लागत नव्हतं.

मोठ्यांनी मुलांसमोर स्वतःची चूक म्हणायची का, यावर घरोघरी एकमत नाही. बापाने पोरासमोर ‘चुकलं माझं’ म्हटलं तर धाक जातो, असं मानणारे पुष्कळ आहेत. त्यांनी ‘श्यामची आई’ एकदा या नजरेने उघडून पाहावी. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक आईच्या थोरवीचं म्हणून वाचलं जातं, आणि ते तसं आहेच. पण सांगणारा कोण आहे? मोठा झालेला श्याम. आश्रमातल्या मित्रांपुढे, रात्रीमागून रात्री, तो आपल्या लहानपणच्या खोड्या, हट्ट, आणि भित्रेपणा सांगत बसतो, तेही कोणी जाब विचारलेला नसताना. त्याचा धाक गेला असं पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाचकांना काही वाटलेलं नाही.

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं, रिक्षावाले काका सव्वासातला खाली येणार. पाच वर्षांचा मुलगा स्वतः दूध ओतून घेण्याच्या हट्टाने पातेलं उचलतो. अर्धं दूध ओट्यावर, ओट्यावरून ट्रॉलीच्या फटीत, फटीतून फरशीवर. तो आईकडे बघतो. आईच्या तोंडावर “तरी सांगत होते” हे वाक्य आलेलं आहे. घड्याळ पुढे सरकतंय. ती वाक्य गिळते, खालच्या कप्प्याकडे बोट दाखवते. तो फडकं काढतो आणि पसरलेल्या दुधावर ते गोल गोल फिरवायला लागतो. त्यामुळे दूध आणखी पसरतं. “आधी ठेवायचं. प्यायला दे त्याला,” आई म्हणते. फडकं दूध पितं, हे त्याला फार आवडतं. तो तीनदा पिळतो, त्यातलं एकदा बेसिनच्या बाहेर. “माझ्या हातून सांडलं ना,” तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणतो, “पातेलं जड होतं.” खाली रिक्षाचा हॉर्न वाजतो. तो गणवेशाला हात पुसतो आणि पळतो. ट्रॉलीखाली गेलेलं दूध दुपारी वास मारायला लागल्यावर आई बॅटरी घेऊन गुडघ्यांवर बसते.